किंडरडाइकच्या पवनचक्क्या पाणी नेमकं कसं उपसतात? (चालती प्रतिकृती बनवण्यासाठी माहिती हवी)

चरकाठ

नमस्कार मंडळी. शाळेच्या विज्ञान मंडळासाठी हॉलंडमधल्या पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीची चालती प्रतिकृती करायची आहे. नुसती फिरणारी पाती नकोत, खरोखर पाणी वर चढलं पाहिजे. नमुना म्हणून किंडरडाइकची चक्की घेतली आहे. पुस्तकांत आणि चित्रफितींत बाहेरचं रूप भरपूर दिसतं, आतलं मात्र कुणी धड सांगत नाही. म्हणून काही प्रश्न:

१. पात्यांचं फिरणं खालच्या पाण्यापर्यंत कसं पोचतं? मध्ये कोणकोणती चाकं असतात, आणि वेग वाढतो की कमी होतो?

२. काही ठिकाणी लाकडी चाक दिसतं, काही ठिकाणी स्क्रू. फरक काय, आणि प्रतिकृतीसाठी कोणतं बरं?

३. एकाच जागी १९ चक्क्या कशाला? एक मोठी का नाही?

४. चक्की थांबली की वर चढवलेलं पाणी परत खाली का येत नाही?

५. चक्कीवाला दिवसभर करतो काय, आणि काय काय बिघडू शकतं?

आकडे मिळाले तर फार बरं होईल.

---

सखलभाग

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो उलगडला की बाकीचे भाग आपोआप जागेवर बसतात.

पश्चिम नेदरलँड्सची बरीच जमीन पीटची आहे, म्हणजे हजारो वर्षं साचलेल्या, पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची. इ.स. १००० नंतर लोकांनी या दलदलीत समांतर चर खणले, पाणी नदीत सोडलं आणि शेती सुरू केली. त्या वेळी जमीन नदीपेक्षा उंच होती, त्यामुळे उपशाची गरजच नव्हती. पण पीटमधलं पाणी काढलं की ते आक्रसतं, आणि हवा लागली की उरलेला भाग कुजून वायू होऊन निघून जातो. जमीन दर पिढीला खचत गेली. खचली की चर अजून खोल करायचे, आणि खोल केले की ती अजून खचणार. दुसरीकडे नद्यांना बांध घातल्यामुळे त्यांचा गाळ शेतांवर पसरायचा बंद झाला आणि पात्रातच साचू लागला. शेवटी शेत खाली आणि नदी वर, अशी स्थिती आली.

किंडरडाइक हे आल्बलासरवार्ड या प्रदेशाचं पश्चिम टोक. लेक आणि नॉर्ड या नद्या इथे मिळतात. सगळ्या प्रदेशाचा उतार याच कोपऱ्याकडे असल्याने चौदाव्या शतकापासून पाणी इथेच आणलं जायचं. सुरुवातीला नुसत्या दरवाजांवर काम भागत होतं. नदीला इथपर्यंत भरती-ओहोटी जाणवते. ओहोटीला दरवाजे उघडायचे, पाणी जायचं, भरतीला बंद. अठराव्या शतकापर्यंत जमीन इतकी खचली आणि नदी इतकी वर आली की ओहोटीलाही पुरेसं पाणी बाहेर जाईना.

तेव्हा त्यांनी जी रचना केली तिला तीन पायऱ्या आहेत, आणि बहुतेक लेखांत हीच गोष्ट सुटते:

पहिली पायरी शेतांमधली. पोल्डर म्हणजे बांधाने वेढलेला, स्वतःची पाणीपातळी असलेला जमिनीचा तुकडा. आतल्या भागातल्या छोट्या चक्क्या पोल्डरच्या चरांतलं पाणी उचलून एका सामाईक लांब कालव्यात टाकत. या साठवणीच्या कालव्याला बूझेम म्हणतात. हा खालचा बूझेम.

दुसरी पायरी किंडरडाइकची. इथल्या बहुतेक चक्क्या शेतातलं पाणी उपसत नाहीत. खालच्या बूझेममधलं पाणी त्या वरच्या बूझेममध्ये चढवतात, साधारण दीड मीटर.

तिसरी पायरी नदीची. वरच्या बूझेममधलं पाणी ओहोटीला दरवाजे उघडून उतारानेच नदीत जातं. तिथे कोणतीही चक्की लागत नाही.

वरचा बूझेम हा या सगळ्याचा प्राण आहे. नदीला पूर असेल तर दरवाजे कित्येक दिवस उघडता येत नाहीत. पण वारा नेमका त्याच दिवसांत असतो. वारा आहे तेव्हा उपसून वर साठवायचं, नदी उतरेल तेव्हा सोडायचं. वाऱ्याची वेळ आणि ओहोटीची वेळ जुळत नाही, ती जुळवण्यासाठी मधलं तळं.

आता १९ चा हिशेब. आल्बलासरवार्डचं पाणी दोन वेगळ्या जलमंडळांकडे होतं, नेडरवार्ड आणि ओव्हरवार्ड. नेडरवार्डने १७३८ मध्ये ८ गोल विटांच्या चक्क्या बांधल्या. ओव्हरवार्डने १७४० मध्ये ८ अष्टकोनी, गवताने शाकारलेल्या बांधल्या. दोन्ही ओळी समोरासमोर, प्रत्येकीचा कालवा वेगळा. याशिवाय निउ-लेकरलांड पोल्डरच्या २ आणि ब्लॉकवेर पोल्डरची १. झाल्या १९. १९९७ पासून हा सगळा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

एक मोठी का नाही? कारण लाकडाची चक्की एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. पात्यांचा व्यास २८-२९ मीटरपर्यंत गेला की लाकडी तुळई, लाकडी दात, लाकडी आस हे सगळं ताणाच्या टोकाला पोचलेलं असतं. त्यापुढे संख्या वाढवणं एवढाच मार्ग उरतो.

---

दातेरीचाक

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर देते.

वरून खाली येऊ. पाती समोरून पाहिली तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. ती ज्या जाड आडव्या आसात बसवलेली असतात तो आस सपाट नसतो, पुढचं टोक १० ते १५ अंश वर उचललेलं असतं. यामुळे पाती खालच्या बाजूला इमारतीपासून दूर राहतात, कारण भिंती खाली रुंद होत जातात. आसाचं वजनही थोडं मागच्या धारव्यावर (बेअरिंगवर) येतं आणि तो पुढे निसटत नाही. पूर्वी हा आस ओकचा असे, एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाचे आस आले.

आसावर टोपीच्या, म्हणजे चक्कीच्या वळवता येणाऱ्या माथ्याच्या आत मोठं दातेरी चाक असतं. याच चाकाच्या कडेभोवती ब्रेक बसतो, ते लक्षात ठेवा. हे चाक एका लहान चाकाला फिरवतं. हे लहान चाक मधल्या उभ्या खांबाच्या डोक्यावर असतं. उभा खांब पूर्ण चक्कीच्या उंचीतून खाली उतरतो. त्याच्या तळाशी आणखी एक लहान चाक, आणि ते पाण्याच्या आसावरच्या मोठ्या उभ्या चाकाला फिरवतं. त्याच आसावर बाहेरच्या बाजूला पाणी उचलणारं चाक.

वेगाचा हिशेब सोप्या आकड्यांत असा. वरचं चाक ६० दातांचं आणि लहान चाक ३० चं असेल तर उभा खांब पात्यांच्या दुप्पट वेगाने फिरेल. खाली २० दात ८० ना फिरवत असतील तर वेग चौथ्या हिश्शावर येईल. दोन्ही मिळून, पाणचाक पात्यांच्या निम्म्या वेगाने. प्रत्यक्षातले दात चक्कीगणिक वेगळे असतात, पण पाणचाकाच्या चक्कीत शेवटचं प्रमाण निम्म्याच्या आसपासच येतं. पाती मिनिटाला २० फेरे घेत असतील तर पाणचाक १० च्या जवळपास.

दात मुद्दाम लाकडाचे ठेवतात. एखादा तुटला तर तेवढाच ठोकून काढायचा आणि नवा बसवायचा. लोखंडी दात तुटला तर अख्खं चाक गेलं. शिवाय जोडीतल्या दोन चाकांच्या दातांची संख्या शक्यतो एकमेकींना भाग न जाणारी घेतात, म्हणजे तोच दात दर फेऱ्यात त्याच दाताला भिडत नाही आणि झीज सगळीकडे सारखी होते. वरचे ६०-३० हे फक्त समजण्यासाठी, मॉडेलमध्ये ६१-३० घेतलंत तर जास्त खरं होईल.

आता पाणचाक. आपल्याकडच्या रहाटाला गाडगी असतात आणि ती पाणी भरून वर नेतात. इथे गाडगी नाहीत, नुसत्या फळ्या आहेत. व्यास ६ मीटरच्या आसपास, रुंदी अर्ध्या मीटरभोवती, वीस-पंचवीस फळ्या. चाक विटांच्या अरुंद नाळीत इतकं घट्ट बसवलेलं असतं की फळी आणि भिंत यांच्यात एक-दोन सेंटीमीटरची फट राहते. फळ्या पाणी उचलत नाहीत, ढकलतात. नाळीचा तळ चाकाच्या गोलाईला धरून वर चढतो आणि फळ्या पाण्याला त्या उतारावरून वर रेटतात. म्हणून फट वाढली की उपसा झपाट्याने घटतो.

फळ्या केंद्राकडे सरळ रोखलेल्या नसतात. त्या मागे झुकलेल्या असतात, म्हणजे फळीचं बाहेरचं टोक फिरण्याच्या दिशेत मागे राहतं. सरळ बसवल्या तर बाहेरच्या पाण्यातून वर येताना फळी पाण्याचा थर अंगावर घेऊन उगाच उचलते, शक्ती वाया जाते. झुकवल्यावर पाणी फळीवरून घसरून पुढे निघून जातं.

पाणचाकाची मर्यादा उंचीची. दीड मीटरपर्यंत ते नीट चालतं, फार तर थोडं वर. उंची वाढवायची तर व्यास वाढवावा लागतो आणि चाक अवजड होतं. म्हणून खोल तळी कोरडी करताना चक्क्या एकामागे एक लावायचे, पहिली दुसरीला पाणी देते, दुसरी तिसरीला. बेम्स्टर तळं १६१२ मध्ये याच पद्धतीने कोरडं झालं, ४० हून अधिक चक्क्या लावून. दे रेइप गावचे यान आद्रियानस्झोन लेखवाटर त्या कामावर चक्क्यांची बाजू पाहत होते. १६१० मध्ये ते जवळजवळ कोरडं झालं असताना वादळात बांध फुटला आणि पाणी पुन्हा भरलं, मग सगळं परत उपसावं लागलं. शेजारच्या स्खेर्मर तळ्याला १६३५ पर्यंत ५२ चक्क्या लागल्या, त्यातल्या ११ आजही उभ्या आहेत.

स्क्रूचं तंत्र अर्थातच प्राचीन, पण पवनचक्कीला तो जोडण्याचं पेटंट लेडनच्या सिमोन हुल्सबोस यांना १६३४ मध्ये मिळालं. स्क्रू साधारण ३० अंशात तिरका ठेवतात, खाली अर्धगोल नाळ. तो एका टप्प्यात ४ मीटरच्या आसपास चढवू शकतो, म्हणजे पाणचाकाच्या दोन-तीन चक्क्यांचं काम एकच करते. तो पात्यांपेक्षा वेगाने फिरतो, साधारण दुप्पट, त्यामुळे खालची दातेरी जोडी वेगळी लागते.

मग सगळीकडे स्क्रूच का नाही बसवले? दोन कारणं. स्क्रूचं वरचं टोक एकदा बांधलं की ठरलं. बाहेरचं पाणी कमी असलं तरी स्क्रू तेवढ्याच उंचीपर्यंत पाणी नेतो आणि मग खाली पाडतो, ती मेहनत फुकट. पाणचाकाचं तसं नाही. बाहेरची पातळी खाली असेल तर ते हलकं चालतं, कमी वाऱ्यातही. आणि किंडरडाइकसारख्या ठिकाणी दीड मीटरच उचलायचं असेल तर चाक पुरतं.

---

सखलभाग

दातेरीचाक यांच्या माहितीला उपशाचे आकडे जोडतो.

चांगल्या वाऱ्यात अशी मोठी चक्की दीड मीटर उंचीवर मिनिटाला ५० घनमीटरच्या आसपास पाणी टाकते. नुसत्या पाण्याला लागणारी शक्ती काढली तर १२ किलोवॅटच्या थोडी वर येते. धारवे, दात आणि फटीतून होणारी गळती धरली तर पात्यांनी त्याच्या दुपटीहून जास्त पुरवायला हवी.

हे किती आहे ते शेतात मोजा. १,००० हेक्टरवर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लाख घनमीटर पाणी. एक चक्की सलग ३३ तास चालली तर ते उपसलं जाईल, तेही वारा एकदाही न पडता. म्हणून हिवाळ्यातली शांत हवा ही इथल्या शेतकऱ्याची मोठी चिंता होती. हिवाळ्यात बाष्पीभवन जवळपास नसतं, पाऊस चालू असतो, आणि वारा आठवडाभर पडला तर कुरणं पाण्याखाली जात.

वाफ आली ती याचमुळे. किंडरडाइकला दोन्ही जलमंडळांनी १८६८ मध्ये वाफेचे पंप बसवले. चक्क्या लगेच पाडल्या नाहीत, मदतीला ठेवल्या. ओव्हरवार्डचा पंप १९२४ मध्ये विजेवर गेला, नेडरवार्डने त्या सुमारास डिझेल आणलं. दुसऱ्या महायुद्धात इंधन मिळेना तेव्हा या चक्क्यांनीच पुन्हा उपसा केला. आज तिथलं काम मोठे स्क्रू पंप करतात, म्हणजे तत्त्व सतराव्या शतकातलंच, फिरवणारी शक्ती बदलली.

---

चरकाठ

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. तीन पायऱ्यांची गोष्ट मला कुठेच मिळाली नव्हती, आता प्रतिकृतीत दोन नाही तर तीन टाक्या करेन. चौथा आणि पाचवा प्रश्न राहिलाय. शिवाय थांबलेल्या चक्कीची पाती कोणत्या स्थितीत ठेवू?

---

वाऱ्यासमोर

चौथ्याचं उत्तर छोटं आहे. पाणचाकाच्या पुढे, बाहेरच्या पाण्याच्या बाजूला, नाळीत एक लाकडी दार उभं टांगलेलं असतं, एका बाजूला बिजागरी. चाक पाणी ढकलतं तेव्हा प्रवाह दार उघडतो. चाक थांबलं की बाहेरचं उंच पाणी दाराला उलट दाबतं आणि ते स्वतः मिटतं. कुणी हात लावायचा नाही. दाराखाली काटकी अडकली किंवा कड कुजली तर रात्रभरात भरपूर पाणी परत येतं, म्हणून थांबवल्यावर दार नीट मिटलं का ते पाहणं हे ठरलेलं काम.

पाचवा प्रश्न मोठा आहे.

चक्की सुरू करताना पहिलं काम म्हणजे तोंड वाऱ्याकडे करणं. किंडरडाइकच्या चक्क्यांना टोपीपासून जमिनीपर्यंत येणारं लाकडी शेपूट असतं, तळाशी हाताने आणि पायाने फिरवायचं चाक. चक्कीभोवती जमिनीत खुंट ठोकलेले असतात. साखळी एका खुंटाला अडकवायची, चाक फिरवत साखळी गुंडाळायची, की शेपूट आणि त्याच्याबरोबर अख्खी टोपी वळते. मग शेपूट दोन्ही बाजूंनी साखळ्यांनी पक्कं बांधायचं. उत्तर हॉलंडमधल्या, म्हणजे स्खेर्मरकडच्या चक्क्यांना शेपूट नाही. तिथे टोपीच्या आतून रहाटासारख्या यंत्राने वळवतात आणि त्यामुळे त्यांची टोपी बरीच मोठी दिसते. प्रतिकृती किंडरडाइकची असेल तर शेपूट हवंच.

दुसरं, शिडाचं कापड लावणं. पात्याला मागच्या बाजूने लाकडी पट्ट्यांची जाळी असते. खालच्या पात्यावर चढायचं, गुंडाळलेलं कापड सोडायचं, जाळीच्या कडेला अडकवायचं, दोऱ्या ताणून बांधायच्या. ब्रेक सोडून पाव फेरा, पुढचं पातं खाली येतं, पुन्हा तेच. चार वेळा. वारा जास्त असेल तर कापड अर्धं गुंडाळून ठेवतात, आणखी जास्त असेल तर थोडंच ठेवतात, वादळी वाऱ्यात नुसत्या उघड्या जाळीवरही चक्की चालते. समोरासमोरच्या दोन पात्यांवर कापड सारखंच हवं, नाहीतर आस हादरतो.

तिसरं, ब्रेक सोडणं. शेपटापाशी लोंबणारा दोर ओढला की वर टोपीतला जड दांडा उचलला जातो आणि वरच्या चाकाभोवतीचे लाकडी ठोकळे ढिले होतात. दोर सोडला की दांडा स्वतःच्या वजनाने खाली येतो आणि ठोकळे आवळतो. म्हणजे ब्रेक आवळायला माणसाचा जोर लागत नाही, वजनच ते काम करतं. फार विचारपूर्वक केलेली रचना आहे ही.

चालू असताना वेग मोजतात तो पात्यांनी. एका मिनिटात किती पाती खालून गेली ते मोजायचं, चारने भागलं की फेरे. मिनिटाला ६० ते ८० पाती ही चांगली चाल. ८० पाती म्हणजे २० फेरे, आणि २८ मीटर व्यासाला टोकाचा वेग ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास येतो. ही टोकं जमिनीपासून हातभर अंतरावरून जातात. त्यामुळे या चक्क्यांना दोन दारं असतात, पाती ज्या बाजूला असतील त्याच्या दुसऱ्या दाराने ये-जा करायची. चक्कीवाल्याचं कुटुंब आतच राहत असे, मुलांनाही हा नियम पाळावा लागे.

आता काय बिघडतं.

सगळ्यात वाईट म्हणजे चक्की सुटणं. वाऱ्याचा जोर अचानक वाढतो आणि ब्रेक पुरत नाही. अशा वेळी ब्रेक अर्धवट आवळून घासत ठेवणं घातक. लाकडावर लाकूड घासतं, ठोकळे काळे पडतात, ठिणग्या उडतात, आणि वर गवताचं छप्पर आहे. ठोकळे पेट घेताना दिसले तर ब्रेक पुन्हा सोडून चक्कीला मोकळं पळू द्यायचं आणि टोपी वाऱ्यातून बाजूला वळवायची. ब्रेक लावायचा तो दोन झोतांच्या मधल्या उसंतीत. अनुभवी चक्कीवाला पश्चिमेच्या आभाळाकडे सतत लक्ष ठेवतो, ढगांची काळी कड दिसली की आधीच थांबवून कापड कमी करतो.

पाण्याचा भार हाही एक ब्रेकच आहे, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. पाणचाकाच्या अलीकडे नाळीच्या तोंडाशी गजांची चौकट असते, पानं, शेवाळ, काटक्या अडवायला. ती तुंबली की चाकापाशी पाणी कमी येतं, भार उतरतो, आणि त्याच वाऱ्यात पाती वेगाने पळू लागतात. म्हणून पाती अचानक हलकी वाटली तर वर बघण्याआधी खाली चौकट बघायची. दातऱ्याने ती साफ करणं हे शरद ऋतूत जवळजवळ अखंड काम.

तिसरी भीती मागून येणाऱ्या वाऱ्याची. वारा फिरला आणि टोपी वळवली नाही तर वारा पात्यांच्या पाठीवर येतो. आसाचं पुढचं टोक वर उचललेलं आहे, आणि सगळी रचना समोरून येणारा दाब मागे झेलण्यासाठी आहे, पुढे ओढला जाण्यासाठी नाही. जोराच्या वादळात आस धारव्यातून उचलला जाऊन पात्यांसकट खाली येऊ शकतो.

बाकी, थंडीत चाक नाळीत गोठतं. बर्फ फोडल्याशिवाय ब्रेक सोडला तर फळ्या मोडतात. वीज पडू नये म्हणून थांबवलेल्या चक्कीच्या पात्याला जमिनीत नेलेली तार जोडतात, आणि सुरू करण्याआधी ती काढायला विसरून चालत नाही. ओलं कापड गुंडाळून ठेवलं की कुजतं. पुढच्या धारव्याच्या दगडाला डुकराची चरबी लावायची, दातांना मधमाशांचं मेण. धारव्याला चरबी कमी पडली की तापतो आणि वास येतो.

पात्यांच्या स्थितीबद्दल: थोड्या वेळासाठी थांबलेली चक्की अधिकच्या चिन्हासारखी ठेवतात, जास्त दिवसांसाठी गुणिलेच्या चिन्हासारखी. गुणिलेत कुठलंच टोक फार उंच नसतं, विजेचा धोका थोडा कमी होतो. आनंदाच्या प्रसंगी वरचं पातं शिखरावर पोचण्याच्या जरा आधी थांबवतात, समोरून पाहता किंचित उजवीकडे. दुःखात ते शिखर ओलांडून किंचित डावीकडे. बहुतेक भागांत अशीच पद्धत आहे. जुलै २०१४ मध्ये युक्रेनवर विमान पाडलं गेलं आणि त्यात बरेच डच प्रवासी गेले, तेव्हा देशभरच्या चक्क्या दुःखाच्या स्थितीत उभ्या होत्या.

---

खाजनकर

सखलभाग यांनी सुरुवातीचे दरवाजे सांगितले त्यावरून एक जोड देतो, मुलांना समजावताना उपयोगी पडेल. गोव्यातल्या खाजन शेतीत (खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीत) मानस, म्हणजे पाण्याचं दार असते, कोकणात खारबंदिस्तीला उघाडी. भरतीचं पाणी दाराला दाबून ते मिटवतं, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं. वाऱ्यासमोर यांनी सांगितलेलं नाळीतलं दार हेच तत्त्व वापरतं.

आपल्याकडे चक्कीची गरज पडली नाही, कारण खाजनाची माती नदीच्या आणि खाडीच्या गाळाची, पीटची नाही. ती त्या प्रमाणात खचत नाही, आणि ओहोटीची पातळी अजून शेताच्या खाली आहे. जोवर ओहोटी शेताखाली उतरते तोवर दार पुरतं. किंडरडाइकला ती शेताखाली उतरेनाशी झाली तेव्हा वारा कामाला लावावा लागला. प्रतिकृतीच्या शेजारी मानसीचं छोटं मॉडेल ठेवलंत तर फरक डोळ्यांना दिसेल.

---

चरकाठ

उत्तम कल्पना, मानस नक्की करतो. शेवटचा प्रश्न मापांचा. १:५० घेतलं तर चालेल का?

---

दातेरीचाक

१:५० ला पाती ५६ सेंटीमीटर, पाणचाक १२ सेंटीमीटर आणि पाणी चढवण्याची उंची ३ सेंटीमीटरच्या आसपास येते. बाहेरून छान दिसेल, पण पाण्याच्या बाजूला काही गोष्टी लहान होत नाहीत, तेवढ्या सांभाळा.

फट. खऱ्या चक्कीतली एक-दोन सेंटीमीटर फट ५० ने भागली तर केसाएवढी होते, ती तुम्हाला जमणार नाही. १ मिलिमीटरवर ठेवा. तरी गळती प्रमाणात खूप जास्त होईल, म्हणून चाक रुंद करा. १ सेंटीमीटरऐवजी ३ सेंटीमीटर रुंदी घ्या. नाळ अॅक्रिलिकची केलीत तर कडा सरळ राहतात आणि मुलांना आतलं दिसतं. लाकडी नाळ भिजून फुगते आणि चाक अडकतं.

वेग. लहान चाक फार जोरात फिरलं तर फळ्या पाणी ढकलण्याऐवजी भोवती उडवतात. १२ सेंटीमीटरच्या चाकाला मिनिटाला ६० फेरे ही वरची मर्यादा धरा. चाक पात्यांच्या निम्म्या वेगाने फिरतंय, म्हणजे पाती १२० च्या आत. उडवायला लागलं तर निम्म्याऐवजी एक तृतीयांशाचं प्रमाण घ्या, वाऱ्याला भारही हलका वाटेल.

दार. लाकडाचं करू नका, तरंगून उघडंच राहतं. पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा आणि कापडाची बिजागरी चांगली चालते. दार अगदी उभं न टांगता खालची कड बाहेरच्या पाण्याच्या दिशेने किंचित पुढे राहील असं बसवा, म्हणजे चाक थांबल्यावर वजनानेच मिटायला लागतं. खरं दार बाजूच्या बिजागरीवर असतं, पण ३ सेंटीमीटर पाण्याचा दाब इतका कमी आहे की तिथे वरची बिजागरीच विश्वासाची.

फळ्यांचा झुकाव विसरू नका. आणि चाक नाळीत बसवण्याआधी एकदा उलटं-सुलटं तपासा. झुकाव उलट्या बाजूने बसला तर चाक फिरतं, आवाजही बरोबर येतो, आणि पाणी मात्र पुरेसं चढत नाही.

वाऱ्यासाठी टेबलफॅन पुरणार नाही, त्याचा झोत पात्यांच्या मधल्या भागावरच पडतो आणि जोर लागतो तो टोकांकडे. उभा मोठा पंखा दीड-दोन मीटरवर ठेवा.

पात्यांना पीळ द्या. आसाजवळ कोन जास्त, टोकाकडे जवळजवळ सपाट. खऱ्या चक्कीत जाळीच्या आडव्या पट्ट्या तुळईत वेगवेगळ्या कोनांत बसवून हा पीळ येतो. सगळीकडे एकच कोन ठेवलात तर टोकं वाऱ्याला अडवू लागतात.

---

सखलभाग

तीन टाक्यांमध्ये मधली, म्हणजे वरचा बूझेम, सगळ्यात मोठी करा. तिसऱ्या टाकीतली नदीची पातळी वरखाली करता येईल अशी सोय ठेवा, साधी नळी आणि उचलता येणारं भांडं पुरे. नदी वर असताना पंखा चालू ठेवून मधली टाकी भरू द्या, मग नदी खाली उतरवून दरवाजा उघडा. मधली टाकी काठोकाठ भरली तर चक्की थांबवावी लागते, हेही दाखवा. खऱ्या जलमंडळांत बूझेमची वरची पातळी ठरलेली असे. ती गाठली की दिवसा निशाण आणि रात्री कंदील लावून सगळ्या चक्क्यांना थांबायची खूण देत, मग वारा कितीही चांगला असो.